किल्लीवाला रेडिओ का गप्प बसला

माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून, जिन्याखालच्या तिरप्या जागेत, एक किल्लीवाला बसतो. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. किल्ली कापायच्या यंत्राचा कर्कश आवाज चालू असतानाही तो बोलतच असायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाक्याचा शेवट तेवढा ऐकू यायचा. "...म्हणून मी त्याला म्हटलं, बाबा रे, कुलूप म्हणजे काय सासरा आहे? पटत नसेल तर बदल की!" गिऱ्हाईक हसायचं. सुरुवात काय होती ते कुणी विचारायचं नाही.

आम्ही एकवीस वर्षं शेजारी आहोत. तो मामाच्या हाताखाली धंदा शिकला आणि मामा गेल्यावर तीच जागा, तेच यंत्र चालवू लागला. त्याच्या बोटांना कायम पितळेचा कीस चिकटलेला, रुमालसुद्धा चमकायचा. माणसाचा चेहरा तो आठवड्यात विसरायचा, पण किल्ली विसरायचा नाही. दहा वर्षांपूर्वी केलेली किल्ली समोर आली तरी सांगायचा, "ही माझी. हा तिसरा दाता मी हाताने घासलाय, बघ."

पुढच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. अर्ध्या वस्तीला त्यांनी नद्या आणि वाळवंटं शिकवली होती. माझी धाकटी बहीणही त्यांच्याच हाताखालून गेली. उतारवयात त्यांना संधिवात झाला, गुडघे धरले आणि बोटं वाकडी झाली. किल्ली फिरवायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. रेडिओने त्यांच्या दाराला नवं लॅच बसवून दिलं आणि किल्लीच्या डोक्यावर पितळेची रुंद पट्टी रिव्हेट मारून जोडली, म्हणजे बोटांऐवजी सगळ्या पंजाने फिरवता येईल. बाई खूश झाल्या. मला म्हणाल्या होत्या, "तुमचा शेजारी बडबड्या आहे, पण डोकं जागेवर आहे त्याचं."

एका बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने त्यांचं दार वाजवलं. उत्तर आलं नाही, म्हणून पोलिसांना बोलावलं. भूगोलाच्या बाई आत मरून पडल्या होत्या. डोक्यावर मार होता. आदल्या दिवशी दुपारी कधीतरी हे झालं, असं नंतर कळलं. दार बंद होतं आणि लॅच शाबूत होतं.

त्याच दिवशी दुपारी रेडिओ स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात गेला. मला म्हणाला, "जरा लक्ष ठेव रे, आलोच." परत आला तो चार तासांनी. आल्यावर स्टुलावर बसला, समोरची कोरी किल्ली उचलली, परत ठेवली. मी विचारलं, "काय झालं? कशाला गेला होतास?"

"काही नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून "काही नाही" एवढंच उत्तर मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून रेडिओ बंद पडला. कामापुरतं बोलायचा. "किती हव्यात?" "उद्या या." "तेल घाला." बस. आणि नेमक्या त्याच दिवसांत बाकी सगळी वस्ती बोलायला लागली होती.

आमच्या दुकानासमोर दोन बाकडी आहेत. बसची वाट बघणारे तिथे बसतात. आता बस आली तरी लोक उठेनात. प्रत्येकाकडे बातमी होती. एक म्हणे पैशासाठी झालं, दुसरा म्हणे जागेसाठी, तिसऱ्याच्या मेव्हण्याचा मित्र म्हणे पोलिसांत होता आणि त्याने सांगितलं होतं की सांगता येत नाही. मग फोनवर एक गट निघाला, 'भूगोलाच्या बाईंना न्याय'. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चांगल्या मनानेच तो काढला होता. महिन्याभरात त्यात नऊ हजार माणसं झाली. त्यातल्या निम्म्यांनी बाईंना कधी पाहिलंही नसेल. कुणी इमारतीचा नकाशा काढला, कुणी त्यावर बाण काढले. पोलीस काहीच सांगत नव्हते, म्हणून लोक आपापसात सांगत होते.

आणि एक दिवस तिथे कुणीतरी लिहिलं: दार फुटलं नाही, कुलूप तुटलं नाही, म्हणजे किल्ली होती. किल्ल्या कोण बनवतं?

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत रेडिओच्या जागेचा फोटो त्या गटात फिरत होता. खाली कुणी लिहिलं, हा माणूस आधी फार बोलायचा, खून झाल्यापासून गप्प आहे. दुसऱ्याने लिहिलं, कर नाही त्याला डर कशाला?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. खुनानंतर सहाएक आठवड्यांनी एक माणूस हातात फोन आणि काठीला लावलेला माइक घेऊन आला. त्याची स्वतःची वाहिनी होती, न सुटलेल्या खुनांवर तो बोलायचा. रेडिओने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग तो माझ्या दुकानात शिरला. "तुम्ही शेजारी. काय सांगाल?"

मी खोटं बोललो नाही. मी म्हटलं, "बाईंच्या दाराचं लॅच त्यानेच बसवलेलं आहे." एवढंच. पण म्हणायच्या आधी मी थोडा थांबलो, चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपल्याकडे कुणी लक्ष देऊन ऐकतंय याची मजा वाटली मला. तो तुकडा दोन लाख लोकांनी पाहिला. वर मथळा होता: 'शेजाऱ्याचा धक्कादायक खुलासा'. बहिणीने फोन केला आणि म्हणाली, "दादा, तू असं का बोललास?" मी म्हटलं, "खरं तेच बोललो." ती म्हणाली, "हो. पण का?"

रेडिओने तो तुकडा पाहिला असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा माझ्या पायरीवरचा केर आपल्या केराबरोबर लोटून टाकला.

त्यानंतर त्याच्याकडे लोक यायचे कमी झाले. जवळच्या दोन इमारतींनी जिन्यात सूचना लावली, किल्ल्या बाहेरून करून घ्याव्यात, ओळखीच्याच माणसाकडून. एका सकाळी त्याच्या शटरवर लाल रंगाने एक शब्द लिहिलेला होता. तो मी इथे लिहीत नाही. मी थिनरची बाटली नेऊन दिली. तो घासत होता, मी बघत होतो. न राहवून म्हटलं, "अरे, एकदा बोलून टाक ना. पोलिसांनी तुला पकडलेलं नाही. तू काही केलेलं नाहीस. मग उभा राहून सांग की सगळ्यांना!"

"काय सांगू?"

"जे असेल ते!"

तो पुन्हा घासायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं थिनर संपवलं मी."

त्याची बायको, आमची वहिनी, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायच्या कामावर होती. तिथल्या बायका तिच्यापासून एक-एक मशीन लांब सरकल्या. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला सासरी विचारणा झाली. वहिनीने नंतर मला सांगितलं, की तिने नवऱ्याला एकदाच विचारलं होतं. भाजी चिरता चिरता, त्याच्याकडे न बघता. "तुम्ही काही केलंय का?"

तो म्हणाला, "नाही. आणि याच्यापुढे विचारू नकोस, मला सांगता येत नाही."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"येत नाही."

तिने पुढे विचारलं नाही. पण त्या आठवड्यापासून दर शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की, ती जिन्याखाली येऊन त्याच्या शेजारी बसू लागली. हातात विणकाम किंवा निवडायचं काहीतरी. बाकड्यांवरचे लोक बघायचे. ती पण त्यांच्याकडे बघायची, सरळ. हळूहळू शनिवारी बाकडी रिकामी राहायला लागली.

अशी दोन वर्षं आठ महिने गेली. तपास करणाऱ्या साहेबांची पहिल्याच वर्षात बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांची तब्येत बिघडली. गटातली गर्दी ओसरली, पण वर्षश्राद्धासारखी बाईंची तारीख आली की पुन्हा उकळी यायची आणि पुन्हा रेडिओचा फोटो फिरायचा.

मग तिसऱ्या अधिकारी आल्या. बाईमाणूस, चाळिशीच्या आतली, साध्या कपड्यांत. एका दुपारी त्या जिन्याखाली आल्या. बसायला जागा नव्हती म्हणून रेडिओने माझ्याकडून स्टूल मागून नेलं. मधली भिंत म्हणजे नुसती फळी आहे. कान बंद करायला मी काही साधू नाही.

"मी फाइल पहिल्यापासून वाचतेय," मॅडम म्हणाल्या. "तुमचा जबाब वाचला. आणखी काही आठवतंय का, एवढंच विचारायचं होतं."

"जे होतं ते पहिल्या दिवशीच सांगितलं," रेडिओ म्हणाला. मग त्याने विचारलं, "मॅडम, तो सापडला का?"

"कोण?"

"तोच. किल्ली करून नेणारा."

मॅडम म्हणाल्या, "अहो, तो तर पंधरा दिवसांतच सापडला होता. त्याचा काही संबंध नाही."

मग मॅडमनीच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"कुणीच?"

"मला साहेब म्हणाले होते, हे कुणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. त्या माणसाला कळलं तर तो किल्ली फेकून पळून जाईल. आम्ही सांगू तेव्हा बोला. मी वाट बघत होतो."

मी चाचणीच्या भिंगांचा डबा हातात धरून तसाच उभा होतो.

गोष्ट अशी होती. खुनाच्या तीन आठवडे आधी एक अनोळखी माणूस रेडिओकडे किल्ली घेऊन आला होता. डोक्यावर पितळेची रुंद पट्टी. रेडिओने लगेच ओळखली. "ही भूगोलाच्या बाईंची." तो माणूस म्हणाला, "हो, त्यांनीच पाठवलंय, एक जादा करून हवीय." रेडिओने बोलता बोलता किल्ली कापून दिली. बाई रस्त्यात दिसल्या की विचारू, असं ठरवलं, आणि विसरला. मग बुधवारी बातमी आली. तो तडक पोलिसांकडे गेला, सगळं सांगितलं आणि तोंड बंद ठेवायचा शब्द देऊन आला.

म्हणजे दोन वर्षं आठ महिने तो नुसता शब्द पाळत नव्हता. आपण कापलेल्या किल्लीने बाईंचा जीव घेतला, असं त्याला वाटत होतं. बाहेर नऊ हजार लोक तेच ओरडत होते, आणि मनातल्या मनात तो त्यांना खोटं म्हणू शकत नव्हता.

"बाईंनीच त्याला किल्ली करून घ्यायला सांगितलं होतं," मॅडम सांगत होत्या. "त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. गुडघ्यामुळे कधी पडल्या तर कुणाकडे तरी किल्ली असावी म्हणून. आणि एवढं मी तुम्हाला सांगू शकते, दार किल्लीने उघडलेलं नाही. बाईंनी स्वतः आतून उघडलं होतं. हे आता तुम्ही कुणालाही सांगितलंत तरी चालेल."

"म्हणजे माझ्या किल्लीने नाही," रेडिओ म्हणाला.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. आणि दार ओढून घेतलं की लॅच आपोआप लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

मॅडम गेल्यावर मी तिकडे गेलो. तो यंत्रावर डोकं टेकून बसला होता. खांदे हलत होते. मी स्टुलावर बसलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. शेवटी मी म्हटलं, "ओढलं की लागतं, एवढं तरी लोकांना सांगायचंस. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

त्याने डोकं वर केलं. कपाळावर कीस चमकत होता. "एक वाक्य? मी? अरे, मला मी माहीत आहे ना. एक वाक्य सुरू केलं असतं तर मी त्या माणसापर्यंत पोचलो असतो. म्हणून सुरूच केलं नाही."

मग मी माझ्या त्या चष्मा पुसण्याबद्दल बोललो. ते ऐकून घेऊन तो म्हणाला, "त्या दिवशी राग आला होता. तुझ्या पायरीवर केर लोटणार होतो."

"मग?"

"सवय. हात आपला उलटा चालला."

त्या संध्याकाळी त्याने वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणे आधी रडली, मग भडकली. पोलिसांवर, लोकांवर आणि शेवटी त्याच्यावर. "मला सांगितलं असतंत तर मी काय वाहिनी काढणार होते?" दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. तो म्हणाला, "आता मला कळतंय तिचं काय झालं असेल."

मी म्हटलं, आता गटात लिहूया. पोलिसांची परवानगी आहे, तुझं नाव साफ होईल. तो म्हणाला, "लिही. पण किल्ली करून नेणाऱ्याबद्दल नाही. त्याचं नाव गेली पावणेतीन वर्षं कुणाच्या तोंडी नाही. माझं काय झालं ते बघितलंयस ना? त्याच्यामागे लावायचंय का ते?"

मी तेवढंच लिहिलं: दार बाईंनी स्वतः उघडलं होतं, हे पोलिसांचं म्हणणं आहे. किल्लीवाल्याने पहिल्याच दिवशी पोलिसांना मदत केली होती. आणि वाहिनीवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. खाली उत्तरं आली. काही चांगली, काही 'किती मिळाले?' अशी. त्या वाहिनीवाल्या माणसाला मी तो तुकडा काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, त्यात खोटं काय आहे?" त्याच्याशी भांडायला मला तोंड नव्हतं. तुकडा अजून तिथेच आहे.

पंधरवड्याने, दुपारच्या वेळी, बसच्या कंडक्टरच्या खाकी कपड्यांतला एक माणूस जिन्याखाली आला. पंचेचाळिशीचा, केस पिकलेले. रेडिओने चेहरा ओळखला नाही. त्या माणसाने खिशातून एक साधी किल्ली काढून यंत्राशेजारी ठेवली. रेडिओने ती बघितली आणि उठून उभा राहिला.

"बाईंनी मला भूगोलात दोनदा नापास केलं होतं," कंडक्टर म्हणाला. "तिसऱ्यांदा घरी बसवून शिकवलं. पुढे मी त्यांची औषधं आणून द्यायचो. त्या मंगळवारी मी ड्यूटीवर होतो, बसभर माणसं साक्षीला. पोलिसांनी मला दोन दिवसांत सोडलं, आणि म्हणाले, तपास चालू आहे, कुठे बोलू नका. मला उलट हायसं वाटलं. मी त्या गटात आहे. तुम्हाला घातलेली एकेक शिवी वाचलीय मी. प्रत्येक वेळी वाटायचं, हा माणूस आता वैतागून सांगेल, 'किल्ली कंडक्टर घेऊन गेला.' आणि मग माझी मुलं, माझी नोकरी... मी वाट बघायचो. तुम्ही सांगितलंच नाही."

"तुम्ही कंडक्टर आहात हे मला आत्ता कळतंय," रेडिओ म्हणाला. "त्या दिवशी साध्या कपड्यांत होतात."

"पण 'एक माणूस' तरी म्हणाला असतात. लोकांनी मला शोधलं असतं."

"हो. शोधलं असतं."

"मी यायला हवं होतं तुमच्याकडे. धीर झाला नाही."

यावर रेडिओ 'असू दे' म्हणाला नाही. बरं केलं, कारण ते असू देण्यासारखं नव्हतंच. त्याने फक्त स्टूल पुढे केलं, आणि मला हाक मारून समोरून तीन चहा सांगायला सांगितलं. कंडक्टर बसला. मग दोघं बाईंबद्दल बोलत राहिले. त्यांच्या हातचं अक्षर, शाईचे डाग, पृथ्वीच्या गोलावर खडू आपटायची सवय. रेडिओने त्यांच्या दारात उभं राहून ऐकलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही लांबलचक होत्या, आणि दुसरीचा शेवट त्याने आधी सांगितला. मी दुकानात माझं गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून ऐकत होतो.

बाईंचा खुनी अजून सापडलेला नाही. मॅडम तपास करताहेत, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन काहीतरी विचारून जातात. काय विचारलं ते रेडिओ सांगत नाही, आणि आता मीही फळीला कान लावत नाही, निदान तसा प्रयत्न करतो. त्या दोन इमारतींपैकी एकीने सूचना काढली, दुसरीने नुसती उन्हाने विटू दिली. गिऱ्हाईक बरंचसं परतलं, सगळं नाही. वहिनीने तो कारखाना सोडला, आता ती शाळेजवळच्या शिंप्याकडे जाते. तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं ते काय झालं होतं हो?" ती म्हणाली, "कॉलरला कडक कापड कोणतं वापरता तुम्ही?"